गुणाबाईचे सतरा फूट

भिवंडीत लूमच्या शेडमध्ये कुणाची चहाडी करायची तर भिंतीकडे तोंड करून करावी लागते. चाळीस लूम एकदम खडखडायला लागले की शेजारच्याने बोंब मारली तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं आवाजाच्या भानगडीत पडतच नाहीत. ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. शेडच्या या टोकाचा त्या टोकावरून वाचतो. बारशाचं आमंत्रण, सासूचं गाऱ्हाणं, लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला घातलेली शिवी, सगळं मुक्यानेच इकडून तिकडे जातं. आणि सगळ्यांना सगळंच दिसतं म्हटल्यावर तिथे एक रिवाज पडून गेलाय. आपल्यासाठी नसलेलं बोलणं दिसलं तर नजर सुतावर न्यायची आणि दिसलंच नाही असं धरून चालायचं.

हे भिवंडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुमुद गुप्ते या शिकल्यासवरल्या बाईला मात्र चार महिने त्याच शेडमध्ये कॅमेरा घेऊन वावरूनही ठाऊक नव्हतं. लोक ओठ आणि हात हलवतात हे तिला दिसत होतं, नाही असं नाही. पण तिला वाटायचं, या कामापुरत्या खाणाखुणा आहेत. सूत तुटलं, चहा आला, शिफ्ट संपली, एवढ्यापुरत्या. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

कुमुद तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि त्यातली चौदा तिने मुंबईत एका अंधाऱ्या खोलीत दुसऱ्यांच्या फिल्म कापण्यात घालवली होती. धरणांवरचे, खतांवरचे, देवीच्या लशीवरचे माहितीपट. साहेब लोक गावोगाव शूटिंग करून यायचे, फिल्मची भेंडोळी तिच्या टेबलावर टाकून चहाला जायचे, आणि कुमुदने त्या पसाऱ्यातून शहाण्यासारखी वीस मिनिटं उभी करायची. पडद्यावर नाव साहेबांचं. रामाला चौदा वर्षांनी राज्य तरी मिळालं. कुमुदला मिळाला एक चावीचा कॅमेरा, तोही उसना. घड्याळासारखी चावी भरायची, तो अठ्ठावीस सेकंद चालायचा, मग पुन्हा चावी. आवाज टिपायची सोय त्यात नव्हती. पण त्या कॅमेऱ्यावर जे उतरेल ते आपलं असणार होतं, आणि एवढ्यावरच ती खूश होती.

तिला लूमवर कांड्या भरणाऱ्या बायकांवर फिल्म करायची होती. लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी म्हणजे कांडी. कापड विणणारे पुरुष सगळ्यांना दिसतात, कांडी भरणारी बाई कोपऱ्यात बसलेली असते. कुमुद भिवंडीत सात शेडच्या दारात उभी राहिली आणि सातही ठिकाणांहून परत आली. आठवी शेड नूर मोहम्मद शेटची. शेट पन्नाशीचा, हाडापेराने मोठा, दहाव्या वर्षापासून लूमवर उभा राहिलेला माणूस. त्याने तिचा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"बाई, सत्तर सालच्या दंग्यानंतर पण लय लोक आले होते कॅमेरे घेऊन," तो म्हणाला. "जळलेले लूम टिपून गेले. माझा पण फोटो घेऊन गेले. मी त्या फोटोत कसा दिसतो, मला आजपर्यंत कुणी दाखवलं नाही."

त्याने कॅमेरा कुमुदच्या हातात परत ठेवला.

"तर एक शर्त आहे. तुमची फिल्म पहिली इथं दाखवायची. आम्हाला. नंतर मग दिल्लीला न्या नाही तर विलायतेला न्या."

कुमुदने तिथल्या तिथे शब्द दिला. शेडमधल्या सगळ्यांना तिने पहिल्याच दिवशी आणखी एक सांगून टाकलं: "या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. तुम्ही बिनधास्त बोला." आणि हे सांगून आपण लोकांचा संकोच घालवला म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या शेडमध्ये जवळच्या कोन गावाहून येणारी गुणाबाई होती. पंचावन्नच्या आसपासची, काटक, तोंडाने फटकळ. तिच्या गावचीच काशी शेडच्या पलीकडच्या अंगाला कांड्या भरायची. गुणाबाईची बोटं कुमुदने किती फूट टिपली याला गणती नाही. सुताचं टोक कांडीला लावायचं आणि भरली की तोडायचं, हे ती खाली न बघता करायची. कुमुद थक्क व्हायची. बाईला काय सराव आहे, म्हणायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी कुमुदने चावी भरली आणि कॅमेरा गुणाबाईच्या चेहऱ्यावर धरला. गुणाबाई काशीकडे बघून काहीतरी बोलली आणि हसली. मग एकदम पुढे झुकली, डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा काहीतरी बोलली, सावकाश, आणि मनगटाने डोळा पुसला. चावी संपली. अठ्ठावीस सेकंद, सतरा फूट फिल्म.

मुंबईच्या खोलीत कुमुदने ते सतरा फूट शंभरदा तरी पाहिले असतील. तिच्या चौदा वर्षांत कुठल्याही साहेबाने असा चेहरा आणला नव्हता. सगळी फिल्म तिने त्या चेहऱ्याभोवती बांधली. आणि त्याच्यावर स्वतःच्या आवाजात एक वाक्य टाकलं: "यंत्रांच्या या गदारोळात बाईचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही." वाक्य तिला फार आवडलं होतं.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत फिल्मची एकुलती एक प्रिंट घेऊन ती भिवंडीला आली. सोमवारी तीच प्रिंट दिल्लीला निवड समितीपुढे जायची होती. शुक्रवार होता, लूमना सुट्टी. शेटची मुलगी साजिदा शाळेत शिकवायची. तिने शाळेचा हॉल मिळवला होता, पांढरी चादर ताणून बांधली होती आणि सकाळपासून पोरींना कामाला लावलं होतं. खेळ सहाला. अकरा वाजता कुमुदने नुसतं चित्र नीट दिसतं का पाहावं म्हणून प्रोजेक्टर सुरू केला. आवाज बंदच ठेवला होता.

साजिदा खिडक्यांवर कागद चिकटवत होती. गुणाबाईचा चेहरा चादरीवर आला तशी ती वळून बघायला लागली आणि हसली.

"बरोबर बोलली," साजिदा म्हणाली.

"कोण?"

"गुणाबाई. तुम्हालाच बोलतेय. 'ही बाय चावी भरते आन पळते, भरते आन पळते. हिची कांडी भरायची कधी?'"

कुमुदला आधी कळेचना. मग ती पुढचं ऐकायला लागली आणि साजिदाचं हसू मावळताना तिला दिसलं. फिल्म पुढे गेली तरी साजिदा चादरीकडेच बघत उभी होती.

"कुमुदताई, ते परत लावा."

कुमुदने रीळ मागे घेऊन परत लावलं. या वेळी साजिदाने हळू आवाजात, शब्द न् शब्द वाचला. "'काय? परत बोल. काशे, तुझं व्होट दिसत न्हाय मला. हात हलव, हात.' आता बघा. 'डावा डोळा गेला. उजव्याला धूर हाय. बोटांनी भरते कांडी. शेटला कळू देऊ नको, घरी बसवील.'"

प्रोजेक्टर फिरत राहिला. कुमुद खुर्चीचा हात धरून उभी होती.

"तुला हे सगळं वाचता येतं?"

"मला?" साजिदाला प्रश्नच समजला नाही. "लहानपणी अब्बांचा डबा घेऊन शेडमध्ये जायची मी. ताई, इथं कुणाला येत नाही? आज दोनशे लोक येतील. ते सगळे वाचतील. आणि अब्बा तर पहिल्या खुर्चीवर बसणार आहेत."

आता कुमुदला एकेक आठवायला लागलं. खाली न बघता चालणारी बोटं. बारीक केलेले डोळे. चार महिने ती ज्याला सराव म्हणत होती, ते आंधळेपण होतं. आणि दूर बसलेल्या काशीचे ओठ दिसेनासे झाले म्हणजे त्या शेडमध्ये गुणाबाई बहिरीही झाली होती. कुमुदला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने प्रोजेक्टरचा दिवा बंद केला.

ती तशीच कोनला निघाली. कल्याणच्या एसटीने जाऊन फाट्यावर उतरली, विचारत विचारत घर गाठलं. गुणाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. खडा बोटाला लागला की बाजूला टाकत होती. मान समोर, अंगणातल्या आंब्याकडे. घरात खाटेवर तिचा नवरा राघो दम्याने खोकत होता. त्या घरात कमावती ती एकटीच होती, हे कुमुदने फिल्ममध्ये मोठ्या ठसक्यात सांगितलं होतं.

"कोन? बाय, तू?" गुणाबाईने पावलांवरून ओळखलं. "सांजच्याला येतेच हाय मी. काशी आननार हाय मला."

कुमुद तिच्या शेजारी बसली आणि तिने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. गुणाबाईची बोटं सुपात थांबली.

"तू तर म्हनली व्हतीस, त्यात आवाज येत न्हाय."

"आवाज नाही आला. ओठ आले."

गुणाबाईने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला वाटलं, तू लूमचं काढतेस. तू कुठं बगतेस ते मला काय दिसतंय? शेट बी नव्हता तवा. खिडकीखालची जागा नशिबानं मिळाली, सूत जाडं आलंय, म्हनून भागतंय कसंबसं. आता त्याला कळलं का संपलंच."

"मग काय करू?"

"काप ते."

इथे कुमुद थोडी घसरली. मोठेपणाने उठून जायचं तर ती म्हणाली, "गुणाबाई, तो माझ्या फिल्मचा जीव आहे."

"तुझ्या फिल्मचा," गुणाबाई म्हणाली. "माझ्या घराचा जीव शेडमदी हाय."

कुमुद हॉलवर परतली, पिशवीतून कात्री आणि जोडपट्टी काढली आणि तिथेच बाकावर बसून सतरा फूट कापले. छापील प्रिंट होती. चित्राच्या कडेलाच आवाजाची रेघ, तीही चित्राच्या जरा पुढे छापलेली, त्यामुळे चित्राबरोबर तिचं लाडकं वाक्यही मधेच तुटलं. चौदा वर्षं दुसऱ्यांचं कापताना तिने कापायची जागा कधी दोनदा पाहिली नव्हती. आज पाहिली. कापलेली गुंडाळी तिने साजिदाच्या खडूच्या रिकाम्या डबीत घातली आणि डबी पिशवीच्या तळाशी ठेवली. तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टींचा तिला राग येत होता.

सहाला हॉल भरला. बायका एकीकडे सतरंजीवर, पुरुष दुसरीकडे, उरलेले खिडक्यांत. पुढच्या खुर्चीवर नूर मोहम्मद शेट, इस्त्रीचा सदरा घालून. गुणाबाई काशीचा खांदा धरून आली आणि पुढेच बसली. कुमुदने प्रोजेक्टरचा दिवा लावला.

आणि मग जे सुरू झालं ते तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती जी फिल्म मुकी समजत होती ती बोलायला लागली. चादरीवर नवशा नावाचा विणकर लूमवरून मान वळवून काहीतरी म्हणाला, त्याबरोबर अर्धा हॉल एका सुरात ओरडला, "जॉबरच्या डोक्यात सूत न्हाय, गाठी हायत!" आणि जो हशा उसळला त्यात जॉबर फखरुद्दीनने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. दुसरा एक कामगार, उत्तरेकडून आलेला, पडद्यावर ओठ हलवत होता, कुणीतरी वाचलं, "घर से खत आया है, पढ़ दे कोई." मागून तोच कामगार म्हणाला, "पढ़ दिया, पढ़ दिया. लड़का हुआ है." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिवाज कुठे गेला होता? समोर चादरीवर एवढं मोठं तोंड दिसत असताना नजर न्यायला सूतच नव्हतं तिथे. कुमुद प्रोजेक्टरमागे उभी राहून ऐकत होती. आपण टिपलेलं आपल्याला आज पहिल्यांदा कळतंय, हे तिला एकीकडे अवघड जात होतं आणि दुसरीकडे इतका आनंद होत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि प्रत्येक हशाबरोबर तिला पिशवीतली डबी आठवत होती. ते सतरा फूट आत असते तर आज या हॉलने गुणाबाईला शेटच्या पुढ्यात आणून उभं केलं असतं.

कापलेली जागा आली तसं चादरीवरचं चित्र हललं. तिचा आवाज म्हणाला, "यंत्रांच्या या गदारोळात बा" आणि एकदम कशेळीच्या नाक्यावर कापडाचे गठ्ठे भरलेले ट्रक दिसायला लागले. कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नाही. फिल्म संपली, दिवे लागले, चहा फिरायला लागला.

शेट खुर्चीवरून उठला आणि सरळ कुमुदकडे आला. हॉलकडे पाठ करून उभा राहिला. मग त्याने तोंड उघडलं आणि आवाज न काढता ओठ हलवले.

कुमुद नुसती बघत राहिली. साजिदा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "पाठ केलीय म्हणजे खाजगी आहे. विचारतात, गुणाबाईचं कुठं गेलं?"

कुमुदने पिशवी पायाने मागे सरकवली. "गुणाबाईचं काय?"

शेटने पुन्हा ओठ हलवले आणि साजिदा सांगत गेली, आधी शांतपणे आणि मग तिचाच स्वर बदलत गेला. "म्हणतात, डोळ्यांचं ती बोलली ते. मी त्या दिवशी तुमच्या मागंच उभा होतो. तुम्ही चावी भरत होता."

"तुम्हाला माहीत होतं?" कुमुदने विचारलं. मग आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला.

शेट वैतागला असावा, कारण आता त्याने आवाजाने, पण खालच्या पट्टीत उत्तर दिलं. "माहीत होतं म्हणून तर तिचं मशीन खिडकीखाली नेलं. बारीक सूत काढून जाडं दिलं. तिला काय वाटलं, आपोआप झालं?"

"मग तिला सांगितलं का नाहीत? जीव मुठीत धरून बसलीय ती गेले तीन महिने."

"तिने मला कुठं सांगितलं होतं? ती काशीला बोलत होती. दुसऱ्याचं बोलणं दिसलं तर दिसलं म्हणायचं नाही, बाई." आणि थोडं थांबून तो म्हणाला, "आणि मी तिला घरी का बसवीन? अख्ख्या शेडमध्ये तिच्या कांडीची तार सगळ्यात कमी तुटते. डोळेवाल्या बायांच्या कांड्या मला परत भरून घ्याव्या लागतात."

कुमुद फिल्मच्या पेटीवरच बसली. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. तिला हसायला यायला लागलं. शेटला काही कळेना. तो साजिदाकडे बघायला लागला.

"अब्बा, यांनी ते कापलं," साजिदा म्हणाली. "तुम्हाला कळू नये म्हणून."

शेटने कपाळावर हात मारला.

साजिदाच गुणाबाईजवळ जाऊन बसली आणि तिच्या कानात तिने सगळं सांगितलं. कुमुद दुरून बघत होती. गुणाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला. मग ती काशीच्या खांद्यावर एक चापट मारून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घ्या! मी इथं देव पान्यात घालून बसले, आन ह्या शेटला आदुगरच ठावं!" मग तिला राग धरता येईना. तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. काशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कुमुद तिच्यासमोर जाऊन बसली.

"बाय, ते कापलेलं फेकलंस का?" गुणाबाईने विचारलं.

"नाही. आहे."

"मग लाव."

"सगळे वाचतील, गुणाबाई."

"वाचू दे. भ्या शेटचं व्हतं, ते गेलं. लोकांची कसली लाज? डोळं गेलंत माझं, चोरी न्हाय केली कुनाची." आणि मग हळूच म्हणाली, "मला तर काय दिसायचं न्हाय. पन मी काय बोलले ते मला ऐकू दे."

खडूच्या डबीतून गुंडाळी बाहेर आली. कुमुदने दोन्ही टोकं जुळवली, पट्टी दाबली. चहाचे पेले खाली ठेवले गेले, दिवे गेले, आणि चादरीवर गुणाबाईचा चेहरा आला, पुरुषभर उंच. कुमुदचा आवाज म्हणाला, "यंत्रांच्या या गदारोळात बाईचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही."

"आमाला जातो की," बायकांतून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. कुमुदही हसली, पण कानशिलं तापली तिची. तेवढ्यात बायकांनी एका सुरात वाचायला सुरुवात केली: "ही बाय चावी भरते आन पळते, भरते आन पळते. हिची कांडी भरायची कधी?" त्यावर जो गदारोळ झाला तो चाळीस लूमना भारी होता. पडद्यावरची गुणाबाई हसत होती, सतरंजीवरची गुणाबाई हसत होती.

मग पडद्यावर ती पुढे झुकली आणि डोळे बारीक केले. "काशे, तुझं व्होट दिसत न्हाय मला," बायका म्हणाल्या, आणि त्यांचे आवाज एकेक करून बंद पडले. पुढचं कुणीच वाचलं नाही. कुमुदने पाहिलं, दोनशे माणसांनी माना खाली घातल्या होत्या. सूत नव्हतं तरी सगळ्यांची नजर सुतावर गेली होती. पडद्यावर गुणाबाईचे ओठ हलत होते, मनगट डोळ्याकडे गेलं, चेहरा नाहीसा झाला. कुमुदने प्रोजेक्टर थांबवला.

त्या शांततेत गुणाबाई इकडेतिकडे मान फिरवत होती. "का गप झालात?" ती म्हणाली. "पुढचं सांगा की. मला कसं कळायचं?"

मग पुढच्या खुर्चीतून नूर मोहम्मद शेट बोलला. शेडवरच्या माणसाचा खडा आवाज, आणि शब्द सगळे गुणाबाईचे, तिच्याच बोलीत.

"डावा डोळा गेला. उजव्याला धूर हाय. बोटांनी भरते कांडी." त्याने गुणाबाईकडे पाहिलं. "शेटला कळू देऊ नको, घरी बसवील."

मग काशी फुस्सकन हसली, आणि तिच्यामागे सगळा हॉल. शेटही हसत होता. हसता हसता गुणाबाईचा श्वास लागला. ती म्हणत होती, "शेटला कळू देऊ नको म्हने," आणि परत हसत होती, आणि डोळे पुसत होती, आणि या वेळी ते कुणापासून लपवत नव्हती.

शनिवारी कुमुदने ब्रश घेतला आणि त्या सतरा फुटांच्या आवाजाच्या रेघेवर काळी शाई फासली. तिचं लाडकं वाक्य गेलं. सोमवारी प्रिंट दिल्लीला गेली, आणि समितीतल्या एका गृहस्थांनी पत्र धाडलं की मध्ये अठ्ठावीस सेकंद आवाज येत नाही, तेवढा दोष दुरुस्त करून पाठवावी. कुमुदने कळवलं, दोष नाही. त्यांनी फिल्म निवडली की नाही हे तिला दोन महिन्यांनी कळलं, निवडली. पुढे तिने आणखी अकरा केल्या, आणि प्रत्येक वेळी पहिला खेळ ज्यांना टिपलं त्यांच्यापुढे लावला, आणि लावण्याआधी विचारलं की यात मला न कळलेलं काय आहे. पण हे सगळं नंतरचं.

एप्रिलात कल्याणला डोळ्यांचं शिबिर भरलं. साजिदाने गुणाबाईचं नाव घातलं आणि शेटने तिला आठवडाभर ड्युटीवर येऊ नकोस म्हणून दटावलं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, डावा पुरा पिकलाय, आधी तो काढू. मे महिन्यात कुमुद पुन्हा प्रिंट घेऊन आली. या वेळी हॉल नव्हता. शेटच्या घराच्या पडवीत चादर, आणि बघायला दहा-पंधरा माणसं. गुणाबाई जाड भिंगाचा चष्मा लावून सगळ्यांच्या पुढे बसली होती. शेड कशी दिसते, नवशा केवढा वाळलाय, काशी केवढी सुटलीय, तिचं चालूच होतं.

सतरा फूट आले. गुणाबाई गप्प झाली. तिने उजवा हात उचलला, चष्म्यावरून उजवा डोळा झाकला आणि नुसत्या डाव्याने बघायला लागली. चादरीवरचे स्वतःचे ओठ ती वाचत होती, पुटपुटत, पोर पहिलं पुस्तक वाचतं तशी. हिची कांडी भरायची कधी. तुझं व्होट दिसत न्हाय मला. डावा डोळा गेला.

"खोटं बोलते ही बाय," गुणाबाई म्हणाली आणि हात न काढता तशीच पुढे बघत राहिली.